सत्तर किलोंचं बाळ

एमोसीच्या दुकानात बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन गेलात, तर तो कॉम्प्युटरकडे नंतर बघतो. आधी तुमच्याकडे बघतो. चष्मा कपाळावर चढवतो, दोन्ही हात टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "कोणी उघडला होता?" तुम्ही म्हणता, कोणीच नाही. तो मान हलवतो. विश्वास बसला म्हणून नव्हे, तर 'तुम्हीपण त्यातलेच' अशा अर्थानं. मग विचारतो, "पडला?" नाही. "पाणी सांडलं?" नाही. "म्हणजे आपोआप बिघडला?" हो. "आपोआप फक्त नारळ पडतो," असं म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर उचलतो.

एकदा पाद्रीबाबांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं, की त्यांचं मशीन कोणी उघडलेलं नाही. एमोसीनं झाकण काढलं तर आत एक पाल, तिची चार अंडी आणि पाद्रीबाबांच्या चष्म्याचा सहा महिन्यांपूर्वी हरवलेला स्क्रू. तेव्हापासून एमोसी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि प्रवचन चालू असताना भुवया वर करून ऐकतो.

त्याचं दुकान आमच्या बेटावर, सावूसावूच्या बाजारामागे, बसस्टँडला लागून. समोर माझा टॅक्सीचा थांबा. मी पेनाइआ. एमोसीची आई माझी सख्खी आत्या, म्हणजे आम्ही आते-मामे भाऊ, आमच्या बोलीत ताव्हाले. ताव्हालेची टर उडवायची, त्याच्या ताटातला मासा उचलायचा, त्याला चारचौघांत गाढव म्हणायचं, हा हक्क जन्मानं मिळतो आणि त्यानं रागवायचं नसतं. गेली पन्नास वर्षं आम्ही हा हक्क एक दिवसही वाया जाऊ दिलेला नाही.

एमोसी बावीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडत होता. मग तारा गेल्या आणि तारा जोडणारेही गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी तो बोटीनं राजधानीला, सुवाला गेला, मावशीच्या पडवीत आठ महिने झोपला, पोरासोरांच्या वर्गात बसून कॉम्प्युटर शिकला. परत आला तो संशय शिकून. म्हणायचा, "ताव्हाले, माणूस खोटं बोलतो हे मला टेलिफोनवर ऐकूनच कळलं होतं. मशीनसुद्धा बोलतं, हे नवीन कळलं." तेव्हापासून दुरुस्त केलेलं प्रत्येक मशीन बंद करताना तो स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका देतो. कोणी स्क्रू फिरवला की ठिपका फुटतो. केलेरावहिनी ओरडते, "वर्षातून एकदा मी नखं रंगवते, तेव्हा बाटली रिकामी! लोकांना वाटतं दुकानात बाई ठेवलीय यानं."

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नाही. टॅक्सीवाला संशयी नसेल तर त्याला महिन्याभरात घरी बसावं लागतं. पण एमोसीचा संशय आणि माझा संशय यांत फरक आहे, तो मला फार उशिरा कळला.

एमोसीला एकच धाकटी बहीण, टोरिका. आमच्यात वयात आलेल्या भावाबहिणीनं एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, एका खोलीत बसायचं नसतं, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं नसतं. भांडण नाही हे, मान आहे. आताची पोरं हे फारसं पाळत नाहीत, बहिणीशी फोनवर तासन् तास बोलतात. आत्याच्या घरात मात्र कडक. टोरिका बारा वर्षांची झाली त्या दिवशी एमोसी अंगणातून आत येताना तिनं मागच्या दारानं बाहेर जायला सुरुवात केली, आणि आज ती पन्नाशीला टेकलीय. त्याला तिच्याकडे मासे पाठवायचे असले की मी. तिला त्याच्या पाठदुखीची चौकशी करायची असली की मी. पोस्ट ऑफिस रविवारी बंद असतं, मी तेवढाही नसतो.

टोरिका नामोसावाच्या दवाखान्यात नोंदी ठेवते. किनाऱ्याच्या रस्त्यानं माझ्या गाडीला चाळीस मिनिटं. आसपासच्या नऊ गावांची बाळं तिथं येतात, काट्याला लटकवलेल्या झोळीत घालून तोलली जातात, रडतात आणि टोरिका त्यांचं वजन कॉम्प्युटरमध्ये घालते. ते मशीन फार हळू झालं, म्हणून विभागाच्या कार्यालयानं जास्तीची मेमरी घालायला परवानगी दिली आणि ते काम एमोसीला मिळालं. हिरवी पट्टी असते बोटभर लांब, काळ्या ठिपक्यांची, मशीनच्या खाचेत बसवायची. एमोसी गिऱ्हाइकांना समजावतो, "हे मशीनचं टेबल. हातातलं काम मांडून बसायची जागा. टेबल मोठं, काम भराभर. टेबलाचा पाय लुळा, सगळं जमिनीवर."

त्यानं पट्ट्या घातल्या आणि आठवड्याभरात दवाखान्याचं मशीन कोसळायला लागलं. कधी स्क्रीन निळी पडायची, कधी जागच्या जागी थिजायची, कधी स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू. दर वेळी निराळीच सूचना. आणि हे फक्त दुपारी. सकाळी मशीन शहाण्या मुलासारखं वागायचं.

त्यात महिन्याचा अहवाल वर गेला. त्यात एका सहा महिन्यांच्या बाळाचं वजन सत्तर किलो निघालं.

कार्यालयात आधी हसले असतील. मग दुसरं बाळ निघालं एकोणसत्तर किलोंचं, तिसरं त्र्याहत्तरचं. हसू थांबलं आणि पत्र आलं, की शुक्रवारी लबासाहून गाउंडरसाहेब तपासणीला येतील. पत्रात टोरिकाचं नाव होतं. करार वर्षावर्षाचा, पुढचा करायचा की नाही ते साहेब ठरवणार.

दवाखान्याची मुख्य नर्स लैसानी. कामाला वाघीण आणि बोलायला मिरची. तिनं माझ्याच टॅक्सीत बसून मला ऐकवलं, "पेनाइआ, तुझी बहीण आहे म्हणून सांगते. सकाळी मी समोर असते तेव्हा मशीन चालतं. दुपारी मी गावांत फिरायला जाते, ही एकटी असते, तेव्हाच नेमकं बंद पडतं. बाळं तोलायचा कंटाळा. आकडे ठोकायचे, आणि मग मशीनला लाथ मारून म्हणायचं, बिघडलंय."

मला ते पटलं, हेच खरं. टोरिकाला मी लहानपणापासून ओळखतो. तिनं कधी कोणाची चिंचसुद्धा चोरली नाही. तरी पटलं. गावात दुसरीच कुजबुज होती, की एमोसीनं सरकारी माल काढून घेऊन भंगार घातलं असणार, दुरुस्तीवाले सगळे सारखेच. तेही मला थोडं पटलं. माझ्या संशयाचं पोट मोठं आहे, त्यात दोघंही मावली.

बुधवारी मी एमोसीला घेऊन नामोसावाला गेलो. आमची गाडी फाटकात वळली तशी टोरिका खुर्चीवरून उठली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि फणसासारख्या त्या मोठ्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, पाठ करून. एमोसी पुढच्या दारानं आत गेला आणि तिच्या रिकाम्या खुर्चीवर न बसता टेबलाशी वाकून उभा राहिला. माझी ये-जा सुरू झाली.

"तिला विचार, कोणी उघडलं होतं का."

मी झाडाखाली गेलो. "तुझा भाऊ विचारतो, कोणी उघडलं होतं का."

"नाही म्हणावं," टोरिका हळूच म्हणाली. ती अशा वेळी इतकं हळू बोलते की मला कान पुढे करावा लागतो. भावापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून.

मी आत आलो. "नाही म्हणते."

"तिला विचार, नक्की?"

"तू विचार की! पंधरा पावलं आहेत मोजून. माझे गुडघे गेले."

"टॅक्सीवाल्याला चालायची सवय राहात नाही," एमोसी म्हणाला. "जा, पोट कमी होईल."

मी पुन्हा गेलो. टोरिका म्हणाली, "त्याला सांग, माझ्यावर विश्वास नसेल तर त्याचे ते लाल ठिपके बघ म्हणावं." मग म्हणाली, "आणि पेनाइआ, तुझासुद्धा विश्वास नाहीये ना माझ्यावर?"

"माझा कुठं प्रश्न येतो? मी निरोप्या."

"हो, हो. निरोप्या," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगबगीनं आत पळालो.

एमोसी ठिपकेच बघत होता. चारही स्क्रूंवर लाल ठिपके जसेच्या तसे. नख लावून बघितलं, भिंग लावून बघितलं. त्याच्यानंतर ते झाकण कोणीच उघडलेलं नव्हतं. मला वाटलं तो खूश होईल. पण मग आत जे काही बिघडलं होतं ते त्याच्याच हातचं होतं.

मग त्यानं सत्तर किलोंचं बाळ बघायला मागितलं, म्हणजे ती नोंद. दवाखान्यात कॉम्प्युटर आल्यावर लैसानीबाईंनी कागदाची वही मोठ्या थाटात बंद केली होती. त्यामुळे ताडून बघायला काहीच नव्हतं. एमोसीनं मला झाडाखाली पाठवलं: खरी वजनं तिला आठवतात का?

टोरिकाला सगळी आठवत होती. बोटंही न मोडता ती सांगत गेली. "तुई मळ्यातल्या उनाइसीची मुलगी, सहा. आईचं दूध कमी, मी तिला दोनदा बोलावलंय. ते काळंभोर, सारखं हसणारं, पाच. जुळ्यांतला थोरला, नऊ." असे अकरा आकडे. मी विसरू नये म्हणून सिगारेटच्या पाकिटावर लिहून आणले.

एमोसीनं कागदावर दोन रांगा केल्या. एकीत बहिणीचे आकडे, दुसरीत मशीनचे. आठ बरोबर जुळले. तीन नाहीत. सहाच्या समोर सत्तर. पाचच्या समोर एकोणसत्तर. नवाच्या समोर त्र्याहत्तर. त्यानं वजाबाकी केली, चष्मा पुसला, पुन्हा केली.

"चौसष्ट," तो म्हणाला. "तिन्ही वेळा चौसष्टच."

"मग?"

"ताव्हाले, माणूस खोटं बोलला तर पटेल असं बोलतो. सहाचे सात लिहील, साडेसहा लिहील. सत्तर कोण लिहील? आणि दर वेळी नेमके चौसष्टच वाढवून कोण लिहील? मशीन आकडे दुपटीदुपटीनं मांडतं. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. चौसष्टाच्या घरातला दिवा नको तेव्हा पेटतोय." त्यानं कागदाची घडी केली. "तिला जाऊन सांग, तिचं काही चुकलेलं नाही."

मी सांगितलं. टोरिकानं डोळे पुसले नाहीत, रडलीही नाही. "मला माहीत होतं ते," म्हणाली. "पण बरं झालं त्यानं सांगितलं."

मशीन माझ्या डिकीत घालून आम्ही सावूसावूला आणलं. गुरुवारी सकाळी एमोसीनं दुकानाची फळी अर्धी लावली, यांगोना, म्हणजे मुळं कुटून करतात ते आमचं पेय, घोळायचं भांडंसुद्धा बाजूला सरकवलं, तेव्हा मी समजलो की प्रकरण गंभीर आहे. त्यानं दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी दात खोडरबरनं घासले, फुंकर मारली. मग एकच पट्टी पहिल्या खाचेत घातली आणि पेनड्राइव्हवरची तपासणी लावली. ती तपासणी म्हणजे काय, तर मशीन मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी ठेवतं आणि परत उचलून बघतं, ठेवलं तेच आहे का. नसलं की लाल ओळ येते. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. मग दुसरी पट्टी पहिल्या खाचेत. खाच वाईट की पट्टी, हे असं एकेक करूनच कळतं. दोन्ही एकदम घालून बघणारा उंटावरचा शहाणा, असं एमोसीचं मत.

पहिली पट्टी दोन्ही खाचांत स्वच्छ. दुसरी घातली. एक तास झाला, स्वच्छ.

"झालं की," मी म्हणालो. "दोन्ही चांगल्या. विजेचा दोष असेल. चल, मासे तळलेत बाजारात."

"मागच्या वेळीसुद्धा तू हेच म्हणाला होतास," एमोसी म्हणाला.

मी माशांचा विषय तिथंच सोडला.

त्यानं पंखा बंद केला. मागची खिडकी लावली. टेबल ओढून पत्र्याच्या अगदी खाली आणलं. "दवाखान्याची दुपार द्यायला हवी याला," म्हणाला. आम्ही दोघं घामानं निथळत बसलो. बारा वाजले, एक वाजला. दोनला दहा कमी असताना पहिली लाल ओळ आली. मग दुसरी. मग स्क्रीन लाल ओळींनी भरून गेली आणि एमोसीनं मशीन बंद केलं.

त्यानं ती पट्टी काढून हातात धरली. जुनी होती. एका कोपऱ्यावर त्याच्याच हातचा, सात वर्षांपूर्वीचा निळा शाईचा आकडा होता.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मी आतापर्यंत मागे ठेवली, कारण ती सांगताना मी कसा दिसतो ते मला आवडत नाही.

दवाखान्यासाठी सुवाहून दोन नव्या पट्ट्या आल्या, त्या दिवशी मी दुकानात बसलो होतो. पाकीट टेबलावर होतं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर मी रग्बीचे सामने बघतो. तो अडकत होता, खेळाडू पळता पळता हवेत लटकायचे. मी म्हणालो, "केरेकेरे, ताव्हाले, यातली एक दे." आमच्यात नातलगानं केरेकेरे म्हटलं की नाही म्हणता येत नाही, आणि ताव्हालेला तर मुळीच नाही. कोणाच्या आहेत हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मागता आलं नसतं. एमोसीनं पाकिटाकडे बघितलं, मग एक मला दिली, आणि तिच्या जागी स्वतःच्या मशीनमधली जुनी पट्टी काढून ठेवली. सात वर्षं त्याच्याकडे चाललेली, त्याच्या हातावर त्याचा विश्वास. म्हणाला, "उद्या दिवसभर तपासतो." मी म्हणालो, "तासभर पुरे झाला, जेवायला जायचंय." तासभर तपासून आम्ही जेवायला गेलो.

जगात कोणावर विश्वास न ठेवणारा माणूस दोघांवर विश्वास ठेवून फसला. एकदा स्वतःवर आणि एकदा माझ्यावर.

लाल ओळींनंतर तो मला काहीच बोलला नाही. मला खरं तर वाटत होतं की तो म्हणेल, 'गाढवा, आण ती परत.' ताव्हाले आहे, म्हणू शकतो. पण दिलेली वस्तू परत मागणारा आमच्यात माणसांत मोजला जात नाही, आणि एमोसी आत्याच्या हाताखाली वाढलेला. घरी गेलो तर बायको वासिती सामना लावून बसली होती. खेळाडू सरळ पळत होते. मला ते बघवेना.

शुक्रवारी आम्ही मशीन घेऊन दवाखान्यात पोहोचलो तेव्हा गाउंडरसाहेब आले होते. बारीक अंगाचे, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. लैसानीबाई शेजारी, हाताची घडी घालून. टोरिका भाऊ येतो म्हणून बाहेर, झाडाखाली. मी दाराच्या चौकटीत.

एमोसीनं सगळं नीट सांगितलं. दोन रांगांचा कागद दाखवला, चौसष्ट समजावला, दुपारची गरमी सांगितली. गाउंडरसाहेबांनी स्वतः वजाबाकी करून बघितली आणि ते प्रथमच हसले. "म्हणजे बाळं खरंच तोलली गेली होती."

"प्रत्येक बाळ, साहेब. वही नसताना तिला अकराच्या अकरा पाठ होती."

लैसानीबाई खाली बघायला लागल्या. "मला काय माहीत मशीनला दुपारी ऊन लागतं म्हणून," त्या पुटपुटल्या.

मला वाटलं, सुटलो. गाउंडरसाहेबांनी मग फाइलमधला कागद काढला. "एमोसी, इथं दोन नव्या पट्ट्या लिहिल्या आहेत. ही बिघडलेली तर जुनी दिसते."

"जुनी आहे. मी घातली."

"मग दुसरी नवी कुठे आहे?"

एमोसीनं दोन रांगांच्या कागदाची पुन्हा घडी केली.

"तुमच्याकडे आहे?"

"नाही."

"मग कोणाकडे?"

"चूक माझी आहे, साहेब. तसं लिहा."

"मी तसं लिहिलं, तर वाचणारा काय समजेल ते तुम्हाला कळतं ना?" गाउंडरसाहेब नरमाईनं म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "सरकारी वस्तू आहे. कदाचित पोलिसांना कळवावं लागेल. या भागातल्या शाळा, दवाखाने, पुन्हा कोणी तुम्हाला मशीन उघडू देणार नाही."

"कळतं," एमोसी म्हणाला.

मी माझ्या चपलांकडे बघत होतो. मनात एकच चाललं होतं, की हा आता नाव घेईल, मग मी हो म्हणेन. त्यानं घेतल्यावर म्हणेन. दुसऱ्यांवर बारा महिने संशय घेणाऱ्या मला, स्वतःचा नंबर आल्यावर जीभ उचलवेना. आणि हा घेईना.

तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि टोरिका आत आली.

भाऊ खोलीत असताना. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. एमोसीला पावलं ओळखू आली असावीत. त्यानं चटकन तोंड भिंतीकडे वळवलं. लैसानीबाई तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. टोरिका सरळ माझ्यासमोर आली आणि कुजबुजली नाही. मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "पेनाइआ, माझ्या भावाला विचार, नवी पट्टी त्याच्याकडे कोणी मागितली."

तिला माहीत होतं. वासितीनं महिन्यापूर्वीच चर्चच्या बायकांत फुशारकी मारली होती, की आमच्याकडे आता खेळाडू अडकत नाहीत. टोरिका सगळं जाणून झाडाखाली उभी होती. स्वतःची नोकरी चालली होती तेव्हाही बोलली नाही, कारण बोलली असती तर भावाला कमीपणा आला असता. भावाच्या नावाला डाग लागायची वेळ आली तेव्हा आत आली.

आणि निरोप मलाच पोहोचवायचा होता.

"एमोसी," मी म्हणालो. "तुझी बहीण विचारते, नवी पट्टी कोणी मागितली."

तो भिंतीला म्हणाला, "तिला सांग, मला आठवत नाही."

तिनं ते ऐकलं होतं, हातभर अंतरावर तर होती. तरी ती माझ्याकडेच बघत उभी राहिली. मी सांगेपर्यंत ते तिच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं. एवढी वर्षं मी त्यांचे निरोप ने-आण करतोय, मासे आणि पाठदुखी आणि नाताळचे आशीर्वाद, आणि आडमार्गानं थोडं माझंही त्यात मिसळतोय. या वेळी मिसळायला काही नव्हतं.

"टोरिका," मी म्हणालो, "तो म्हणतो त्याला आठवत नाही. मला आठवतंय. मी मागितली. माझ्या घरी आहे. मी तिच्यावर रग्बी बघतो."

गाउंडरसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "किती वेळात आणता?"

"दोन तासांत, साहेब."

"मी चारपर्यंत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली. टोरिका आली तशी मागच्या दारानं निघून गेली.

परतीच्या वाटेवर एमोसी शेजारी बसला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळीचे मळे, मध्ये आम्ही दोघं. बाजारात थांबून मला यांगोनाची मुळं घ्यायची होती, आमच्यात माफी रिकाम्या हातानं मागत नाहीत. ते मी त्याला सांगितलं. पाण्याचे दोन ओढे मागे गेल्यावर तो एकदम उसळला.

"तुला कोणी विचारलं होतं? मी सांभाळत होतो ना? एकदा दिलेल्या वस्तूचं नाव काढायचं नसतं, एवढं कळत नाही तुला? कोणी विचारलं होतं तुला?"

"तुझ्या बहिणीनं," मी म्हणालो.

तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी गिअर बदलला, चढ संपला, सावूसावूचे पत्रे दिसायला लागले.

"ताव्हाले," तो म्हणाला, "तिचा आवाज आईसारखा झालाय."